भालेराव सर आणि बंदुकीचं पोट

भालेराव सरांच्या शोकसभेत मला हसू आवरेना. शेवटी रुमाल तोंडाला लावून मी बाहेर पळाले. लोकांना वाटलं, डॉक्टरीणबाईंना रडू कोसळलं. वाटू दे.

झालं होतं असं. आमच्या नेमबाजी क्लबने कुठले तरी एक मान्यवर बोलावले होते. त्यांनी सरांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते फार भरभरून बोलत होते. भाषणाचे कागद त्यांनी गुंडाळून हातात धरले होते आणि "असा नेमबाज!" म्हणताना ती गुंडाळी ते आमच्या रांगेवर रोखायचे. रोखली की आमची अख्खी रांग डावीकडे कलंडायची. ती डावीकडे वळली की आम्ही उजवीकडे. पंधरा-वीस घोडे झालेली माणसं, गुंडाळलेल्या कागदाच्या तोंडासमोरून बाजूला होत होती, आणि कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. दुःखाने बसवत नाही बिचाऱ्यांना, असं मान्यवरांना वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज आणखी चढला. मला एकदम सरांचा आवाज ऐकू आला, "अहो साहेब, तोंड पुढे!" आणि मी उठलेच.

सगळं पुण्य एवढंच कमावलं त्या माणसाने. आमच्या हाडात भीती घालून गेला. पण काय नेमकी भीती!

वारज्यात एका मंगल कार्यालयाच्या तळघरात आमची रेंज आहे. दहा लेन, दहा मीटर, एअर रायफल आणि एअर पिस्तूल. वर लग्नं लागतात, खाली आम्ही कागदाला भोकं पाडतो. मुहूर्ताच्या दिवशी मंगलाष्टकं थेट खाली ऐकू येतात. वरून भटजींचं "सावधान" आलं की सर छताकडे बोट करून म्हणायचे, "ऐका. वरचे पण तेच सांगतायत. त्यांचं कोणी ऐकत नाही, तुम्ही तरी ऐका."

मी तिथे पोचले ती लेकीमुळे. तिला नेमबाजीचं खूळ लागलं. तीन आठवड्यांत ते उतरलं, आणि बाईसाहेब गिटार शिकायला गेल्या. मी तिला सोडायला-आणायला जाऊन बाकावर बसायचे. चौथ्या रविवारी ती आली नाही, मी मात्र सवयीने गेले. सर म्हणाले, "डॉक्टर, मुलगी गेली, आई राहिली. असं बहुतेक घरात होतं. या आत." मी दातांची डॉक्टर. वय पन्नाशीला टेकलेलं. चष्मा, गुडघे, सगळं यथास्थित. पण हात स्थिर, तो धंद्याचा भाग.

हात स्थिर असून उपयोग काय, पहिले तीन वर्ग हातात काही द्यायचेच नाहीत. तुम्ही शाळकरी असा नाहीतर लष्करातून कर्नल होऊन आलेले असा, तीन वर्ग बाकावर बसायचं आणि पाठ करायचं: तोंड पुढे, बोट बाहेर, पोट रिकामं, डोळा पलीकडे. बंदुकीचं तोंड कायम टार्गेटकडे. बोट चापाच्या बाहेर, नेम लागेपर्यंत. पोट म्हणजे छर्रा बसतो ती जागा, ती पाळी येईपर्यंत उघडी आणि रिकामी. आणि टार्गेटच्या मागे काय आहे, कोण आहे, ते आधी बघायचं. एक कर्नलसाहेब खरंच आले होते. म्हणाले, "मला हे शिकवणार?" सर म्हणाले, "नाही. तुमच्याकडून म्हणवून घेणार." कर्नलसाहेब तीन रविवार बाकावर बसले. तिसऱ्या रविवारी त्यांनीच नवीन आलेल्या एका कॉलेजच्या पोरीला बोट बाहेर काढायला लावलं.

सर स्वतः लष्करात हवालदार होते, पण लढणाऱ्यातले नव्हेत, शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यातले. बुटके, काळेसावळे, इस्त्रीची पांढरी पँट, खिशात लिमलेटच्या गोळ्या. धायरीहून स्कूटरवर यायचे. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर होती. नवीन आलेला एखादा शहाणा हमखास विचारायचाच, "सर, बौद्ध आणि बंदूक? हे कसं काय?" सर शांतपणे सांगायचे, "म्हणूनच तर. बंदूक हातात घेतल्यापासून आजवर माझ्यासमोर कागदाखेरीज कशाला भोक पडलेलं नाही. तुमच्या ओळखीत असा दुसरा कोणी असला तर सांगा." त्यांना मेडल नव्हतं, कप नव्हता, पेपरात नाव नव्हतं. हे एकच वाक्य होतं, आणि ते खरं राहावं म्हणून हा माणूस दिवसभर डोळ्यांत तेल घालून उभा असायचा.

त्यांचं हत्यार म्हणजे नारिंगी नायलॉनची दोरी. दीड वितीपासून हातभर लांबीपर्यंतचे तुकडे टेबलावर डब्यात असायचे, पिस्तुलासाठी आखूड, रायफलसाठी लांब. बंदूक उघडायची, पोटातून दोरी घालायची, ती तोंडातून बाहेर आली पाहिजे. तोंडाशी नारिंगी टोक दिसलं म्हणजे नळीत काही नाही. दिसलं नाही तर काहीतरी आहे, मग तुम्ही कितीही शपथा घ्या. ही दोरी मूळची सुमनताईंची, म्हणजे सरांच्या बायकोची, कपडे वाळत घालायची. ताई एकदा मला म्हणाल्या, "आमच्या गच्चीवर दोरी दर वर्षी आखूड होते. आता फक्त टॉवेल वाळत घालते."

"पोट दाखवा," असं सर दिवसातून शंभर वेळा म्हणायचे. मीही दवाखान्यात दिवसभर "तोंड उघडा" म्हणते, त्यामुळे आमचं जमलं. पण दाखवून भागायचं नाही. बघणाऱ्याने बघायला हवं. आम्ही एकमेकांची पोटं तपासायचो तेव्हा सर मागे उभे राहायचे, आणि कोणी नुसतं "हं हं" केलं की खेकसायचे, "मान हलवू नका. बघा! मान बैलसुद्धा हलवतो."

आणि तिसरी गोष्ट "थांबा". रेंजवर "थांबा" हा शब्द कोणीही म्हणू शकत असे, अगदी झाडूवाल्या मावशीसुद्धा. तो ऐकला की जे असेल ते सोडून बंदूक खाली ठेवायची, तोंड पुढे, हात मागे. कोण म्हणालं, का म्हणालं, ते नंतर. एकदा भर स्पर्धेत वॉचमन ओरडला, "थांबा!" सगळे गार. बघतो तर टार्गेटखालून मांजर निघालंय, तोंडात वरच्या लग्नातला पनीरचा तुकडा. स्पर्धक चिडले, वेळ गेली, लय गेली. सरांनी वॉचमनला बोलावून लिमलेटची गोळी दिली. "फुकटचा थांबा गुन्हा नाही," म्हणाले. "पोटात राहिलेला थांबा गुन्हा." पुढे पंधरा दिवस वॉचमन झुरळ दिसलं तरी थांबा म्हणायचा. त्याला प्रत्येक वेळी गोळी मिळाली.

नियम मोडणाऱ्यासाठी दाराशी फळा होता. वर खडूने लिहिलेलं: "आज घरी." खाली त्या दिवशी घरी पाठवलेल्यांची नावं. माझं नाव चार वेळा लागलंय, एकदा तर मी टार्गेटचा कागद बदलायला निघाले आणि पिस्तूल बंद ठेवून गेले म्हणून. फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: "शिकणारा एक दिवस. शिकवणारा कायमचा." शिकवणारे तिथे एकटे भालेराव सरच. त्यामुळे ती ओळ वाचून आम्ही हसायचो. कोणाला भीती दाखवताय, सर? ते म्हणायचे, "ज्याला दाखवायची त्याला रोज दिसते."

आमचे सेक्रेटरी परांजपे. सदाशिव पेठेतलं जुनं घराणं, निवृत्त प्राध्यापक, सगळ्या विषयांतले. त्यांचं आणि सरांचं रोज एका चहावर भांडण आणि दुसऱ्या चहावर समेट. खंडेनवमीला क्लबमध्ये शस्त्रपूजा असते. सभासद आपापल्या परवान्याच्या बंदुका घेऊन येतात, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. सर पूजा करायचे नाहीत, पण सगळ्यांत आधी हजर. हातात दोऱ्यांचा डबा. प्रत्येक बंदुकीत दोरी घातल्याशिवाय कुंकू लावू द्यायचे नाहीत.

एका वर्षी परांजपे आपल्या आजोबांची दुनळी घेऊन आले. मधल्या पाटावर ठेवली, माळ घातली, आणि नळ्यांचं तोंड नेमकं प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीकडे. पाहुणे पेढा खात होते. सर म्हणाले, "परांजपे, पोट दाखवा."

"अहो भालेराव, काहीतरीच काय! साठ वर्षं भिंतीवर आहे ती. रिकामीच आहे."

"कोण म्हणालं?"

"वडील म्हणायचे. त्यांना आजोबांनी सांगितलं होतं."

"मग आजोबांना बोलवा. ते यायचे नसतील तर पोट दाखवा."

परांजपे कुरकुरत उठले. खटका गंजलेला, उघडता उघडेना. बऱ्याच झटापटीनंतर दुनळी कमरेत मोडली आणि डाव्या नळीतून आधी एक मोठं झुरळ बाहेर पडलं, मग त्याचं कुटुंब. पाहुणे पेढ्यासकट खुर्चीवर चढले. सरांनी दोरी घालून नळी साफ केली, आत डोकावून खात्री केली आणि म्हणाले, "रिकामी म्हणालात. इथे तर तीन पिढ्यांचे भाडेकरू आहेत, परांजपे. यांना बाहेर काढायला तुम्हाला कोर्टात जावं लागलं असतं." सदाशिव पेठेत भाडेकरूंवरून विनोद करायचा नसतो. परांजपे आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी चहा.

रेंजबाहेरही सरांची सुटका नव्हती. किंवा आपली. छत्री काखेत आडवी धरून चालणारा माणूस दिसला की ते रस्ता ओलांडून जायचे आणि सांगायचे, "टोक खाली. मागे पोरं चालतायत." हे त्यांनी लक्ष्मी रोडवर केलंय, दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत. एकदा त्यांची दाढ मीच काढली. इंजेक्शन भरून वळले तर हा माणूस खुर्चीत आडवा, तोंडाचा आ, आणि बोटाने खूण करतोय, थांबा. मी थांबले. आ मिटून म्हणाले, "डॉक्टर, सुईचं तोंड तुमच्या नर्सकडे आहे." होतं! आजही मी सुई हातात घेऊन वळले की आधी तोंड बघते. आमची नर्स सरांचं नाव काढलं की हात जोडते.

आता जे सांगायचं ते सांगते.

शेवटच्या वर्षी मला जाणवायला लागलं की सर मान जरा तिरकी करून बघतात. बोलताना आपल्याकडे नाही, आपल्या कानाकडे बघतात. दोरीचे तुकडे कापताना कात्री हुकायची. मी एकदा म्हटलंही, "सर, डोळे दाखवून घ्या." म्हणाले, "तुम्ही दात बघा." मी गप्प बसले. खरं तर तेव्हाच थांबा म्हणायला हवं होतं, पण त्यांना कोण म्हणणार? आम्ही सगळे त्यांच्या धाकात वाढलेले. वयाने नसलो तरी.

तो रविवार मुहूर्ताचा होता. वर दोन लग्नं, बँड असा की टार्गेटचे कागद थरथरत होते. चार नंबरच्या लेनवर सई होती. सई खराडीत आयटीत कामाला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून दर रविवारी गाडी हाणत येणारी गुणी पोरगी. तिचं पिस्तूल नाटकं करत होतं, कधी उडायचं, कधी नाही. मी पाच नंबरवर होते, पिस्तूल खाली ठेवून चष्मा पुसत होते. परांजपे मागे चहाच्या बाकावर.

"सर, ट्रिगर जॅम होतोय बहुतेक," सई ओरडली. "एम्प्टी आहे, मी चेक केलंय, दोरी पण घातलीय."

दोरी घातली होती. मागून. मागूनच बघितली, म्हणून सगळी आत गेली असं तिला वाटलं, पण आत छर्रा अडकलेला, दोरी त्याला टेकून थांबली होती. तोंडाशी नारिंगी टोक नव्हतं. मी लेनभर लांबून चष्म्याशिवाय सांगू शकले असते की नव्हतं.

सरांनी पिस्तूल हातात घेतलं, पोटाकडे बघितलं, आणि मान हलवली.

मान हलवली! मला कळेचना आपण काय पाहिलं ते. त्यांनी दोरी उपसून काढली, खटका बंद केला आणि चाप तपासायला ते मागे वळले, टेबलावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात. पिस्तुलाचं तोंड त्यांच्याबरोबर वळलं. सईवरून, माझ्यावरून, बाकाकडे. बोट चापावर गेलं.

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. खोटं कशाला सांगू? भालेराव सरांना थांबा म्हणायचं? मी? ते माझ्या पोटात राहिलं. मग परांजपे दिसले, बशीत चहा ओतलेला, बशी ओठांशी, आणि बशीच्या बरोबर वर ते तोंड.

"थांबा!"

वरचा बँड चालू होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. दहाच्या दहा लेन जागच्या जागी. सर हलले नाहीत. बोट बाहेर आलं. मग ते जिथे होते तिथून उलट वळले, तोंड वर छताकडे नाही, कोणाकडे नाही, पुढे. चार नंबरच्या टेबलावर पिस्तूल ठेवलं, उघडलं, आणि दोरी घातली. दोरी थांबली. त्यांनी ती बोटाने पुन्हा ढकलली. पुन्हा थांबली.

छर्रा एवढासा असतो, हरभऱ्याच्या डाळीएवढा. डोळा घालवायला पुरतो.

सर माझ्याकडे आले, खिशातून लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "उशीर केलात डॉक्टर," म्हणाले. "आत ठेवलात थोडा वेळ. मला दिसलं." मग दाराशी गेले, खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. भालेराव. नीट, वळणदार. नंतर वर बघितलं आणि "आज घरी" मधला "आज" हाताने पुसून टाकला.

तेव्हा कुठे परांजप्यांना कंठ फुटला. बशी हातातच. "अहो भालेराव, काय पोरखेळ आहे? मला काही झालेलं नाही! माझी काही तक्रार नाही!"

"तुमची तक्रार विचारलीय कोणी?"

"मी सेक्रेटरी आहे. मी हा नियम रद्द करतो. आत्ता."

"तुम्हाला वाचवणारा नियम तुम्हीच रद्द करणार? बसा. चहा निवला तुमचा."

"आणि कागदाशिवाय कशाला भोक पडलं नाही ते? ते आहेच की अजून खरं!"

सर थांबले. मला वाटलं, हे लागलं त्यांना. "आहे," म्हणाले. "पण ते आजपासून डॉक्टरांचं. माझं नाही." सई हमसून रडत होती, माझ्यामुळे झालं म्हणून. तिला म्हणाले, "तुझं एक दिवस. पुढच्या रविवारी ये. दोरी पुढून बघायची, मागून नाही." बुद्धाची तसबीर भिंतीवरच राहू दिली. दोऱ्यांचा डबाही टेबलावरच ठेवला. हेल्मेट घातलं आणि गेले. वर कोणाचं तरी लग्न लागत होतं.

दोन रविवार रेंज बंद होती. कमिटीने तातडीची बैठक घेतली. पुण्यात कमिटी बसली की चहा होतो, ठराव होत नाही, पण हा झाला: सरांनी परत यावं. तो ठराव घेऊन धायरीला कोणी जायचं? माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. थांबा मीच म्हटला होता ना, आता चला मीच म्हणायचं.

धायरीच्या त्या दोन खोल्यांत सुमनताईंनी दारातच मला धरलं. "डॉक्टर, घेऊन जा हो ह्यांना. रोज कुकर उघडून पोट बघतात. काल गॅसवाल्याला थांबा म्हणाले. तो अजून जिन्यातच उभा असेल." सर आत खिडकीशी बसले होते. ठराव वाचला, घडी घातली, परत दिला. मी भांडले. चांगलीच भांडले, मला भांडता येतं. म्हटलं, एकदाच चुकलात, तेही बँड वाजत होता म्हणून. आम्हाला तुमच्याशिवाय रेंज नको आहे, मला नको आहे, एवढं कळत नाही का तुम्हाला?

सर म्हणाले, "एकदा नाही, डॉक्टर. उजव्या डोळ्याने मला बंदुकीचं पोट तीन आठवडे दिसत नव्हतं. काळं दिसायचं नुसतं. सांगितलं असतं तर घरी बसावं लागलं असतं. म्हणून मी मान हलवत होतो. तीन आठवडे. तुम्हा सगळ्यांच्या बंदुका न बघता." सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्या खाली बसल्या.

ज्या माणसाने आम्हाला मान हलवू दिली नाही, तो हे बोलत होता, आणि लपवायला वाव असताना बोलत होता. मला त्यांचा राग आला, खरंच आला, आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, पिकून तट्ट झालेला. ऑपरेशन झालं. सरांनी ऑपरेशनच्या टेबलावर काय काय सूचना केल्या ते डॉक्टरने मला नंतर सांगितलं, पण ते इथे नको.

रेंजवर देखरेखीला कमिटीने मला उभं केलं. परांजप्यांचं म्हणणं असं की ही बाई दात बघते, पोटही बघेल. मी बघू लागले. दोरी, टोक, दोरी, टोक. पहिल्या दिवशी तीनच नावं फळ्यावर गेली, त्यात एक परांजप्यांचं. कर्नलसाहेब मला "मॅडम" म्हणायला लागले. फळ्याच्या कोपऱ्यातली ती ओळ आता मला रोज दिसायची, आणि हसू यायचं नाही.

अडीच महिन्यांनी एका रविवारी दार उघडलं आणि सर आत आले. काळा चष्मा, पांढरी पँट. सरळ माझ्या टेबलापाशी येऊन कागद पुढे केला. नवीन सभासदाचा अर्ज. नाव, पत्ता, वय. "पूर्वानुभव" समोर लिहिलं होतं: थोडाफार.

"फळा वाचलात ना?" म्हणाले. "शिकवणारा कायमचा. शिकणारा एकच दिवस. माझा दिवस केव्हाच होऊन गेला."

परांजप्यांनी नियमावली आणली, चष्मा लावून तीनदा वाचली, आणि त्यात हरकत घ्यायला जागा नाही म्हणून त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी स्वतः चहा केला. नियम म्हणजे नियम, मी सरांना बाकावर बसवलं. तीन रविवार. नवीन आलेल्या चारजणांबरोबर ते ओळीत बसून म्हणायचे, तोंड पुढे, बोट बाहेर. एकाने हळूच त्यांना सांगितलं, "काका, तुम्ही जोरात म्हणता, पण अर्थ समजून घ्या." सर म्हणाले, "हो, प्रयत्न करतो."

त्या तीन रविवारांनंतरचा एकच रविवार सरांच्या वाट्याला आला. पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले, कोणाला न सांगता, आणि सुमनताई मला फोनवर म्हणाल्या, "रात्री कुकर तपासला, गॅस तपासला, आणि झोपले." त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दहा नंबरच्या लेनवर.

मी प्रत्येकाची पोटं बघत एक नंबरपासून निघाले होते. नऊ झाले. दहावर सर. अंगठ्याने पिस्तूल उघडून, दोरी घालून, तोंड पुढे धरून माझी वाट बघत उभे. आता यांचं काय बघायचं? आणि माझे डोळेही भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी घाईने मान हलवली आणि वळले.

"थांबा."

सगळी रेंज थांबली. नऊ बंदुका खाली, हात मागे. मी मागे वळून बघितलं.

"बघितलं नाहीत तुम्ही, डॉक्टर," सर म्हणाले. "मान हलवलीत."

मी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. मागून दोरी आत गेलेली. पुढे तोंडाशी नारिंगी टोक, बोटभर बाहेर. आत काही नव्हतं.

"रिकामी आहे," मी म्हणाले.

"आता कसं," म्हणाले, आणि खिशात हात घालून त्यांनी स्वतःच एक लिमलेटची गोळी तोंडात टाकली.